पुढच्या चाकांचं डिफरन्शियल वेल्ड करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत ड्रॅग रेसिंगवर (सरळ पट्टीवरच्या वेगाच्या शर्यतींवर) आलेल्या लेखात टर्बो, इंजेक्टर आणि ईसीयूच्या (इंजिनच्या संगणकाच्या) मॅपिंगला भरपूर जागा मिळाली. इंजिनचा जोर दोन चाकांत वाटून वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं: बजेट कमी असेल तर आतले गिअर वेल्ड करून घ्यावेत, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडतात. या वाक्याची दुरुस्ती छापावी म्हणून हे पत्र लिहितो आहोत. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत हा उद्योग एक वेळ समजून घेता येईल. होंडा सिटी, बलेनो, स्विफ्ट, पोलो या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्या आहेत, आणि त्यांत हा उद्योग चालवणाऱ्याच्या जिवावर येऊ शकतो. पुणे, कोल्हापूर, नाशिककडची मुलं वर्षभर पैसे साठवून अशी गाडी तयार करतात आणि लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटर पळवतात. त्यांच्या हाती हा सल्ला चुकीच्या रूपात पडला, याचं आम्हाला वाईट वाटतं.

आधी मूळ अडचण. कंपनीतून येणारं ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. म्हणजे ज्या चाकाची पकड कमी, ते जेवढा टॉर्क पेलेल तेवढाच दुसऱ्याला मिळतो. एक चाक रंगाच्या पट्ट्यावर किंवा धुळीवर आलं की चांगल्या डांबरावरचं दुसरं चाकही तेवढंच दुबळं होतं. त्यात पुढच्या चाकांच्या गाडीचं दुखणं असं, की सुटताना वजन मागे सरकतं. १००० किलोची गाडी, त्यातलं ६२० किलो पुढे, व्हीलबेस २.४५ मीटर आणि वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच धरला, तर गाडी ०.३६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.३६ पट) वेगवाढीने सुटताना साधारण ७३ किलो पुढून मागे जातात. प्रत्येक पुढच्या चाकावर राहतात जेमतेम २७० किलो.

आता हिशेब करू. इंजिनचा टॉर्क १३० न्यूटन मीटर, दुसरा गिअर २.० पट आणि फायनल (डिफरन्शियलपाशी येणारी शेवटची गिअरची जोडी) ४.० पट धरला तर डिफरन्शियलपाशी १०४० न्यूटन मीटर पोचतात. टायरची त्रिज्या ३० सेंटीमीटर. चांगल्या डांबरावर, पकड ०.९ धरून, एक चाक सुमारे ७१५ न्यूटन मीटर पेलतं. धुळीवर, पकड ०.५ धरून, ४०० च्या आसपास. ओपन डिफरन्शियलमध्ये दोन्हीकडे ४०० म्हणजे एकूण ८००. आलेले १०४० पेलत नाहीत, आणि धुळीवरचं चाक दुसऱ्या गिअरमध्येही गरागरा फिरत राहतं. लिमिटेड स्लिप, म्हणजे दोन चाकांच्या वेगातला फरक आवरणारं डिफरन्शियल, असेल तर धुळीवरच्या चाकाला ४०० आणि चांगल्या चाकाला ७१५ पर्यंत, मिळून १११५. गाडी पकडते. इंजिनला हातही न लावता झालेला हा फरक आहे.

मात्र लिमिटेड स्लिप नवी पकड निर्माण करत नाही. २५० न्यूटन मीटरचं टर्बो इंजिन पहिल्या गिअरला ३,५०० न्यूटन मीटर पाठवतं. त्यापुढे दोन्ही चाकांची मिळून पकड कुठेच पुरत नाही. अशा गाडीत डिफरन्शियल बदललं की धावपट्टीवर एका काळ्या पट्ट्याच्या जागी दोन उमटतात, एवढंच. त्यासाठी बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) गिअरप्रमाणे कमी-जास्त करायला हवा, लाँचचे (सुटतानाचे) आरपीएम खाली आणायला हवेत आणि टायर बदलायला हवेत. हे आधी सांगणारा मेकॅनिक प्रामाणिक समजावा.

वेल्डिंगचं काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण गॅरेजमध्ये ते पाचशे-हजार रुपयांत होतं आणि म्हणूनच मोहात पाडतं. डिफरन्शियलच्या आतले स्पायडर आणि साईड गिअर हे वरून कार्बन मुरवून कडक केलेल्या पोलादाचे असतात. आतला गाभा चिवट आणि वरचा थर काचेसारखा. त्या थरावर रॉड चालवला की थरातला कार्बन वेल्डमध्ये मिसळतो, शेजारचा थंड धातू ती उष्णता पटकन ओढून घेतो आणि वेल्डच्या कडेला ठिसूळ पट्टी तयार होते. गिअर आधी तापवून वेल्ड केले तर दात नरम पडतात. दोन्ही बाजूंनी तोटाच. तुटलेला असा गिअर हातात घेतला तर दिसतं: वेल्डचा मणी चकचकीत शाबूत, त्याच्या कडेची रेघ निळसर, आणि तुटलेला भाग खडीसाखर फोडल्यासारखा करडा, दाणेदार. वाकल्याची खूण कुठेही नसते.

मागच्या चाकांच्या गाडीत हा तुकडा मागच्या एक्सलच्या घरात पडतो. पुढच्या चाकांच्या गाडीत डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स एकाच अॅल्युमिनियमच्या पेटीत, एकाच ऑइलमध्ये असतात. तुकडा क्राउन (डिफरन्शियलवरचा मोठा गिअर) आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनच्या मधे गेला तर पेटी फुटते, आणि दीड-दोन लिटर ऑइल थेट स्वतःच्याच पुढच्या टायरखाली आणि मागून येणाऱ्याच्या लेनमध्ये पसरतं. तुकडा अडकून बसला तर शेवटच्या टप्प्यातल्या वेगात पुढची दोन्ही चाकं जाम. त्या क्षणी स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं.

दुसरा धोका चाकापर्यंत जोर नेणाऱ्या शाफ्टचा आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. ओपन डिफरन्शियलमध्ये लाँचला एक ड्राइव्हशाफ्ट तुटला तर दुसऱ्या चाकाचाही जोर जातो. इंजिन किंचाळतं, गाडी सरळच राहते. वेल्ड केलेल्यात उरलेल्या एका चाकाला सगळाच्या सगळा टॉर्क जातो आणि गाडी त्याच्या विरुद्ध बाजूला झटक्यात वळते. बाजूच्या लेनमध्ये दुसरी गाडी असते, हे लक्षात घ्या. लिमिटेड स्लिपचे दोन प्रकार पुढे सांगितले आहेत; त्यांतल्या हेलिकल प्रकारात तुटलेली बाजू शून्य झाली की दुसरीकडेही जवळपास काहीच उरत नाही. प्लेटच्या प्रकारात प्रीलोडच्या (प्लेट आधीपासून आवळून ठेवण्याच्या जोराच्या) काही पटींइतकाच टॉर्क राहतो. कोणतंही डिफरन्शियल निवडताना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो, की एक शाफ्ट तुटला तर गाडी कुठे जाईल.

तिसरी गोष्ट वळण्याची. चाकांमधलं अंतर १.४५ मीटर धरलं तर एका यू-टर्नमध्ये बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साडेचार मीटर जास्त चालतं. वेल्ड केलेल्या गाडीत हे साडेचार मीटर टायर घासून आणि शाफ्ट पिळूनच भरून निघतात. धाव संपल्यावर प्रत्येक वेळी तिथेच वळायचं असतं. टाय रॉड, बॉल जॉइंट, सीव्ही जॉइंट (स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि शाफ्टचे सांधे) सगळ्यांवर तो ताण साठत जातो, आणि तुटायचं ते पुढच्या लाँचला तुटतं. अशी गाडी घरी चालवत नेणं म्हणजे पावसात घाट उतरताना स्टिअरिंग न ऐकणारी गाडी नेणं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करण्यावर निर्बंध आहेत, तो भाग वेगळा.

यावर कुणी म्हणेल, अमेरिकेत तर होंडावाले सरळ स्पूल घालतात, म्हणजे दोन्ही चाकं कायमची जखडलेली. घालतात, खरं आहे. पण तो स्पूल एका अखंड पोलादी गोळ्यातून कोरलेला असतो. शाफ्ट खास मिश्रधातूचे जाड, टायर स्लिक (नक्षी नसलेले, जास्त पकडीचे), पट्टीवर चिकट द्रावण फवारलेलं, आणि गाडीचं बूड खाली बसू नये म्हणून मागे चाकांच्या दांड्या लावलेल्या. धाव संपली की गाडी ओढून नेतात. यातल्या बहुतेक गोष्टी विमानांसाठी बांधलेल्या आपल्या धावपट्टीवर नसतात.

मग घालायचं काय? व्हिस्कस प्रकार सोडून द्यावा. त्यातलं सिलिकॉनचं द्रव घट्ट व्हायला आधी चाक फिरावं लागतं, आणि तोवर सुरुवातीचे २० मीटर निघून गेलेले असतात. नव्या गाड्यांत ब्रेक लावून फिरतं चाक आवरणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असते. ती पावसात फार उपयोगी आहे, पण तिला डिफरन्शियल लॉक म्हणू नये. ड्रॅगमध्ये इंजिनची ताकद ब्रेकपॅड तापवण्यातच जाते.

खरे पर्याय दोन. पहिला हेलिकल. यात वाकड्या दातांचे छोटे गिअर डिफरन्शियलच्या पेटीतल्या कप्प्यांत दाबले जाऊन घर्षण करतात, आणि कमी पकडीच्या चाकाच्या दोन ते तीन पट टॉर्क दुसऱ्याला देतात. १९९५ च्या होंडा इंटेग्रा टाइप आर आणि १९९७ च्या सिव्हिक टाइप आरमध्ये कंपनीने हाच प्रकार दिला होता. २००९ च्या फोर्ड फोकस आरएसने ३०० हॉर्सपॉवरवर जाऊनही क्वेफ कंपनीचं हेलिकल वापरून गाडी फक्त पुढच्या चाकांवर ठेवली. यात झिजणाऱ्या प्लेट नाहीत, नेहमीचं गिअर ऑइल चालतं, पार्किंगमध्ये कटकट नाही. दोष एकच: दोन-तीन पट म्हणजे शून्याचीही दोन-तीन पटच. चाक उसळून हवेत गेलं की तेवढा वेळ ते ओपनसारखंच वागतं. रस्त्याचे किंवा सेमी-स्लिक टायर असतील आणि गाडी रोजच्या वापरातही असेल, तर आम्ही डोळे झाकून हाच सुचवतो.

दुसरा प्लेटचा. स्लिक टायर, मोठा टर्बो आणि फक्त ड्रॅगसाठी ठेवलेली गाडी असेल तरच. यात डझनभर पातळ प्लेट असतात, एक पेटीला अडकवलेली, पुढची साईड गिअरला, अशा आलटून पालटून. अॅक्सिलरेटर दाबला की क्रॉस पिन दोन प्रेशर रिंगांच्या उतारावर चढते, रिंगा फाकतात आणि प्लेट आवळल्या जातात. उतार एकाच दिशेला असेल तर वन-वे. उलट दिशेला थोडा असेल तर दीड-वे, दोन्हीकडे सारखा असेल तर टू-वे. पुढच्या चाकांच्या गाडीत वन-वे किंवा दीड-वेच घ्यावा. टू-वेमध्ये अंतिम रेषेनंतर पाय उचलला तरी पुढची चाकं आवळलेलीच राहतात, आणि ब्रेक मारताना गाडी सरळच धाव घेते.

प्रीलोड म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबताही प्लेट किती आवळलेल्या आहेत ते. तो मोजायचा असा: एक पुढचं चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, गिअर न्यूट्रल. जॅकवरच्या बाजूच्या एक्सल नटाला टॉर्क रेंच लावून नट आवळण्याच्याच दिशेने हळू जोर द्यायचा, आणि चाक सरकायला लागताना काटा कुठे आहे ते पाहायचं. फक्त ड्रॅगच्या गाडीला आम्ही ८० ते १०० न्यूटन मीटरपासून सुरुवात करतो, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ४० ते ६०. जास्त आवळलं की जास्त चांगलं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. दीडशे-दोनशेपर्यंत आवळलेलं प्लेटचं डिफरन्शियल वळणावर वेल्ड केल्यासारखंच वागतं. बसवतानाचा आकडा वहीत लिहून ठेवा. तो निम्म्यावर आला की प्लेट झिजल्या.

बसवण्याच्या चुकांकडे वळू, कारण लाखाच्या घरातला माल तिथेच वाया जातो. डिफरन्शियल आत असल्याने गिअरबॉक्स पूर्ण उतरवून पेटी उघडावी लागते. होंडाच्या डी आणि बी सिरीजच्या इंजिनांच्या गिअरबॉक्समध्ये क्राउनच्या बोल्टना उलटे आटे असतात. नेहमीच्या दिशेने पान्याला पाइप लावून जोर दिला की बोल्टची मान तुटते. आवळताना समोरासमोरचे बोल्ट घेत १०१ न्यूटन मीटर. याच पेट्यांत स्पीडोमीटरचा गिअर जुन्या कॅरिअरवर (डिफरन्शियलच्या घरावर) असतो, तो काढून नव्यावर चढवायचा. हे विसरलं तर गाडी चालू झाल्यावर काटा हलत नाही आणि गिअरबॉक्स परत खाली. बेअरिंग नवीच घ्यायची आणि प्रेसवर चढवताना फक्त आतल्या रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) जोर द्यायचा. बाहेरच्या रेसवर दाबलं तर गोळ्यांच्या खुणा रेसवर उठतात आणि पाचशे किलोमीटरमध्ये घरघर सुरू. बॉल बेअरिंगच्या होंडात शिम (फट भरणारी पातळ चकती) आणि रेसमधली फट ० ते ०.१० मिलिमीटर हवी. शिम जुनाच बरोबर बसेल, असं धरून चालू नये.

फोक्सवॅगन घराण्याच्या ०२टी आणि ०२जे गिअरबॉक्समध्ये क्राउन रिव्हेटनी जोडलेला असतो. एकच चाक बराच वेळ फिरत राहिलं की रिव्हेटची डोकी सुटतात आणि पेटीला भोक पाडून बाहेर येतात. लिमिटेड स्लिप घालताना रिव्हेट ड्रिल प्रेसवर कापून किटमधले हाय टेन्साइल बोल्ट घालावेत. छिन्नीने रिव्हेट उडवले तर क्राउनची बैठक वाकडी होते आणि दात एका बाजूने खातात. या पेट्यांत टेपर बेअरिंग असल्याने शिम देऊन बेअरिंगचा प्रीलोड (प्लेटचा नव्हे) नव्याने बसवावाच लागतो.

दोन्ही ऑइल सील आणि शाफ्टच्या सर्क्लिप (शाफ्ट अडकवून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या) नव्या. शाफ्ट आत ढकलल्यावर 'टक' असा आवाज यायला हवा. मग जॉइंटची पेटी धरून हाताने हलकेच ओढून पाहावी. शाफ्ट धरून ओढलं तर जॉइंटच्या आतला ट्रायपॉड (तीन रोलरचा भाग) सुटतो.

ऑइलचा प्रश्न पुढच्या चाकांच्या गाडीत खास अवघड आहे. प्लेटना ७५-१४० सारखं जाड ऑइल आवडतं, त्याच ऑइलमध्ये बुडालेले सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या कड्या) मात्र त्याने जड होतात आणि सकाळी दुसरा गिअर पडत नाही. डिफरन्शियलच्या कंपनीने पुढच्या चाकांच्या पेटीसाठी सांगितलेलंच ऑइल घ्या. प्लेटचा प्रकार असेल तर मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये इंग्रजी आठच्या आकड्यात पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवा आणि गरम असतानाच ऑइल काढून टाका. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काजळासारखा मऊ लगदा दिसेल, तो चालतो. बोटाला टोचणारी एक जरी कपची लागली तरी पेटी उघडायची.

डिफरन्शियल घातल्यावर आजूबाजूचंही बदलतं. इंजिनचे मऊ माउंट (इंजिन ज्यांवर बसतं ते रबर) तसेच ठेवले तर चाकं थडथड उड्या मारतात, आणि शाफ्ट तुटतात ते बहुतेक त्या थडथडीत. आधी कडक माउंट, मग लाँच. गाडी फार खाली केलेली असेल तर शाफ्टचा कोन वाढतो आणि बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा पिंजरा फुटतो. लाँचला स्टिअरिंग अगदी सरळ हवं, त्यासाठी वर मध्यभागी रंगीत चिकटपट्टी लावून ठेवावी.

दोन्ही पुढच्या टायरचा घेर सारखा असायलाच हवा. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून एक पूर्ण फेरा ढकला आणि टेपने मोजा. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर हवा कमी-जास्त करून जुळवा, नाही तर टायर बदला. लहान घेराच्या बाजूला गाडी ओढते आणि प्लेट सरळ धावतानाही घासत राहतात. पुढच्या चाकांना स्थिर असताना १ ते २ मिलिमीटर टो-आउट (चाकांची पुढची टोकं किंचित बाहेर) द्यावा, जोर लागला की ती आत वळतात. रस्त्याच्या टायरमध्ये पुढे २२ पीएसआयच्या खाली जाऊ नका, टायर रिमवर सरकतो. मागे टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या जवळ हवा ठेवली तर बूड कमी बसतं.

शेवटी आयोजकांना आणि तपासनिसांना विनंती. ओपन आणि वेल्ड ओळखायला यंत्र लागत नाही. गाडीची पुढची बाजू जॅकवर घ्या, गिअर न्यूट्रल करा, एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेला फिरलं तर ओपन किंवा हेलिकल. त्याच दिशेला फिरलं तर दुसरं चाक जमिनीवर टेकवा आणि टॉर्क रेंच लावा. ठरावीक जोराला चाक सरकलं तर प्लेट, आणि २०० न्यूटन मीटरलाही जागचं हललं नाही तर आत वेल्ड किंवा स्पूल आहे. वेल्ड असलेली पुढच्या चाकांची गाडी तिथूनच परत पाठवावी. एका गाडीला तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि ती हेल्मेट तपासणीच्या रांगेतच घेता येतील.

आपले,
फ्रंट व्हील गाड्यांच्या गिअरबॉक्सचं काम करणारे काही कारागीर, पुणे